भामाबाईंनी मला इंग्रजीत नावं ठेवली

मी दगडाचा ग्राइंडर बोलतोय. अहो, फोटो काढून लगेच वळू नका, माझं ऐकून तरी जा.

घडलो कोइमतूरला, नांदलो दिलसुखनगरात, भामाबाईंच्या घरी. नवरा गेला आणि त्यांनी मला आणलं. पहाटे भिजलेले उडीद-तांदूळ पोटात पडले की मी घरघर फिरायला लागायचो. कोचिंगची पोरं डोशाचं पीठ घ्यायला हॉस्टेलातून येऊन दारात ओरडायची, "आंटी, दोसा पिंडी है क्या?"

"हौ रे बाबा, जरा दम धर!"

त्याच पिठावर लेक विकास शिकला, नोकरीला लागला, त्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला कुकटपल्लीत फ्लॅट घेतला. मग एक दिवस म्हणाला, "आई, तिथं हे धूड नक्को. आता बसून खा."

बसून खाणं म्हणजे भामाबाईंना शिक्षाच. पण लेकापुढे त्यांचं तोंड कधी उघडलंच नाही. विकासनं माझा फोटो मोबाइलवर विकायला टाकला.

नात प्रणिता आजीला शिकवायला बसली. "आजी, हिंदीत बोललं की लोक भाव पाडतात. इंग्लिशमध्ये बोल. म्हण, गुड व्हॅल्यू फॉर मनी."

"गुड वाल्यू फार मनी."

"चीपर दॅन अ न्यू वन. म्हणजे नव्यापेक्षा स्वस्त. आणि कुणी 'टू एक्सपेन्सिव्ह, नॉट वर्थ इट' म्हटलं, तर समजायचं, ग्राइंडरला नावं ठेवतायत."

शेवटचं तेवढंच भामाबाई घोकत बसल्या. प्रणिता हसली, "अगं, ते तुझं नाही, गिऱ्हाइकाचं!"

रविवारी एक बाई आली. विकास शेजारीच उभा. "हाऊ मच, आंटी?"

भामाबाईंनी माझ्यावर हात ठेवला. "टू एक्सपेन्सिव्ह. नॉट वर्थ इट. न्यू वन चीपर."

माझी माय मला वाचवत होती हो! मी दगड, पण वाटलं, आत्ता विजेवाचून फिरेन.

ती बाई टाळी वाजवून हसली. "सो ऑनेस्ट! आजकल ऐसा कौन बोलते? फिर आधे में देदो, आंटी."

"डन," विकास म्हणाला.

पुढचं इंग्रजी भामाबाईंना येत नव्हतं. मराठी येत होतं, पण समोर लेक होता. "नक्को रे," एवढंच म्हणाल्या, आणि तेही टेम्पो सुरू झाल्यावर.

बाईचा कॅफे. वाटलं, चला, इथं तरी पीठ वाटू. पण यांनी माझी वायर कापली, पोटात माती भरली, वेल लावला. येईल त्याला ती सांगते, "व्हॉट अ बार्गेन!"

तुमच्यात कुणी कुकटपल्लीला जाणारं आहे का? भामाबाईंना गाठा. सांगा, दगड शाबूत आहे. माती उपसली, दोन पाण्यांनी धुतलं, नवी वायर जोडली की मी फिरेन. विकासला विचारू नका म्हणावं. पण लवकर हो. इथली माणसं रोज सकाळी पाणी घालतात, आणि मुळं दगडाशी पोचलीत.