रोज पांढरी होणारी भिंत

भिंत मी पहिल्याच दिवशी संपवली आणि तिथूनच सगळं बिघडलं.

आमच्या धंद्यात असंच असतं. दुकान उघडायच्या आत शटर रंगवून मोकळं व्हायचं, नाहीतर दुकानदार डोक्यावर उभा राहून "झालं का, झालं का" करत बसतो. मी बाबांच्या हाताखाली शटरं रंगवतच मोठी झाले. शाळा नववीत सुटली. म्हणजे शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून वाद आहे. मग एका सायकलवाल्याच्या शटरवर मी एक बाई काढली होती, ओढणी चाकात अडकलेली, तिचा फोटो कुठून कुठून परदेशात पोचला आणि तिथल्या एका कलाकारांच्या संस्थेनं मला महिनाभर बोलावलं. राहायला खोली, रंग आणि एक भिंत. मी अठराची नाही म्हणून सोबत मोठं माणूस. बँकेतून रिटायर झालेली माझी आत्या आली. तिला इंग्रजी येतं, आणि बाबांशी भांडून मला पाठवलंही तिनेच.

बाबांची अट होती. तिथल्या लोकांनी पुढं वर्षभरासाठी बोलावलं तर खुशाल जा. नाही बोलावलं तर गुपचूप काकाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं आणि दहावीचा फॉर्म भरायचा. काकाच्या दुकानात पंखासुद्धा काकाकडे तोंड करून असतो.

म्हणून मी जोर लावला. सकाळी सुरू केलं आणि संध्याकाळी भाजीवाली, तिचा तराजू, तराजूत बसलेलं मांजर, सगळं तयार. बाई बघायला आल्या. बाई म्हणजे तिथल्या मुख्य. त्यांचा चष्मा मण्यांच्या माळेत अडकवलेला असायचा आणि बघायचं असलं की तो डोळ्यांवर न लावता कपाळावर ठेवायच्या. बराच वेळ भिंतीकडे बघून त्या आत्याशी बोलल्या.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"छान आहे म्हणतायत."

"एवढ्या वेळात नुसतं छान?"

"छान आहे, पण घाई कसली, असं. तू शोध घ्यावास म्हणे."

"का? काय हरवलंय?"

"मला काय विचारतेस! आतला शोध, आतला."

शेजारच्या खोलीत एक दाढीवाला होता. तो आल्यापासून एका दगडाकडे बघत होता. दगड त्यानंच नदीवरून उचलून आणलेला. बाई रोज त्याच्या दारात उभ्या राहून हळू मान हलवायच्या, दवाखान्यात कुणाला भेटायला आल्यासारख्या. वर्षाची जागा एकच होती, आणि ती दगडाला जाणार हे मला लख्ख दिसत होतं.

"तूही बस की जरा," आत्या म्हणाली. "विचार करतेयस असं दिसू दे."

बसले. पण हात नुसते मांडीवर ठेवले की माझं डोकं फिरतं. दुसऱ्या दिवशी दुपारी उठले, रोलर घेतला आणि भाजीवालीला मांजरासकट पांढरं करून टाकलं. मग नवीन काढलं. त्यात आम्हाला काही वाटत नाही. दुकान बदललं की बोर्ड बदलतो. पुढं रोज तेच चाललं. सकाळी पांढरा हात मारायचा, संध्याकाळपर्यंत चित्र उभं करायचं.

एका सकाळी मी रोलर मारत असताना बाई आत आल्या आणि किंचाळल्या. मला वाटलं डबा लवंडला. बघते तर त्यांच्या डोळ्यांत पाणी.

"आता काय झालं ह्यांना?"

"थांब," आत्या कान देऊन ऐकत होती. "त्या म्हणतात, काही टिकत नाही हे तू दाखवतेयस. रोज आपलंच काम पुसायचं म्हणजे केवढं धाडस, असं."

"मी भिंत मोकळी करतेय. सांग त्यांना."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि "साहेब जागेवर नाहीत" हे ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात इंग्रजीत काहीतरी बोलली. बाईंनी छातीवर हात ठेवला.

"काय सांगितलंस?"

"हो म्हणाले. गप मार आता रोलर."

तेव्हापासून सकाळी माणसं यायला लागली. दाढीवालासुद्धा दगड सोडून यायचा. चित्र संध्याकाळी पूर्ण व्हायचं तेव्हा तिथं चिटपाखरू नसायचं. पुसायला मात्र गर्दी. शेवटी ठरलं, निघायच्या आदल्या दिवशी पाहुणे बोलवायचे आणि मी सगळ्यांसमोर पांढरं मारायचं. त्यानंतर वर्षाची जागा जाहीर होणार. बाईंनी आत्याचा दंड दाबला, म्हणजे जागा माझीच.

त्याच्या आधीच्या दुपारी आत्या खुर्चीत झोपली. साडीवर स्वेटर, पायात मोजे, एका मोज्यातून अंगठा बाहेर. तोंड उघडं. आणि मांडीवरची पर्स झोपेतही दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. मी काढायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, खाली दुकानाचं नाव नाही की फोन नंबर नाही. पर्सवरचे ते हात मला जमेचनात. काढले, खरवडले, पुन्हा काढले. पहिल्यांदाच मला घाई नव्हती.

आत्या उठली. "अगं भवाने, तोंड तरी मिटव माझं!" मग जवळ गेली. चित्रातल्या पर्सपाशी वाकली. "हात अगदी आईसारखे दिसतात गं माझे," म्हणाली आणि लगेच, "उद्या पुसणार आहेस म्हणून वाचलीस."

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. बाईंनी दोन्ही हातांनी रोलर दिला. मी तो बादलीत बुडवला, उचलला आणि तशीच उभी राहिले. थेंब माझ्या चपलेवर पडत होते.

"मार ना," आत्या ओठ न हलवता म्हणाली.

"नाही मारत."

"वर्ष जाईल."

"जाऊ दे."

"काकाचं दुकान आठव!"

"आठवतंय. तरी नाही."

"मग दे इकडे, मी मारते. तोंड माझं आहे!"

"चित्र माझं आहे! सोड!"

ती ओढतेय, मी ओढतेय. रोलर गरकन फिरला आणि पुढच्या रांगेतल्या कोटांवर पांढरे शिंतोडे उडाले. टाळ्या पडल्या. दाढीवाला तर उठून उभा राहिला.

"टाळ्या काय वाजवता? हे नाटक नाहीये!" मी ओरडले. त्यावर अजून जोरात टाळ्या.

मग मी बादलीचं झाकण दाबून बसवलं आणि त्यावरच बसले. लोक थांबले. ग्लास रिकामे झाले. काही पुसलं जाणार नाही हे हळूहळू लक्षात आलं, तशी गर्दी शेजारच्या खोलीकडे सरकली. बाई आत्याशी दोन वाक्यं बोलून गेल्या.

"दगडाला?" मी विचारलं.

"दगडाला." आत्यानं पदरानं स्वेटरवरचा रंग पुसला. "आणि उद्या निघायच्या आधी भिंत पांढरी करून द्यायचीय. पुढचा माणूस येतोय. नियम आहे, सगळ्यांनाच."

मला हसू आलं की रडू, मलाच कळलं नाही. मी बादलीला लाथ घातली आणि अंगठा दुखावून घेतला.

सकाळी बघायला कुत्रंसुद्धा आलं नाही. बाबांचा फोन आला तेव्हा आत्याच बोलली. "नाही बोलावलं. हो, माझंच चुकलं. पोरीला ओरडायचं तर आधी मला ओरड." फोन ठेवून तिनं चित्राचा फोटो काढला, पण फोटोत नुसतीच एक झोपलेली बाई दिसत होती.

मी रोलर घेतला. एरवी वरून सुरू करते. आज खालून केलं. मोजा गेला, अंगठा गेला, साडीच्या निऱ्या गेल्या. रोलर पर्सपाशी आला तशी आत्यानं माझं मनगट धरलं.

"हातांना लावू नकोस इतक्यात. बाजूचं कर."

खाली टॅक्सी हॉर्न मारत होती.

"आत्या, विमान."

"वाजवू दे त्याला," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून भिंतीसमोर बसली.