निवट्यांचे डोहाळे

नत्थूजी ढिवर आपल्या सुनेशी बोलत नसत. त्यांच्या मुलानं, लहानूनं, मुंबईच्या गोदीत मजुरी करता करता अलिबागकडच्या चारुशीलेशी घरी न विचारता लग्न केलं, एवढाच तिचा गुन्हा. कुहीजवळच्या आमच्या गावात इतका हट्टी माणूस दुसरा नव्हता, आणि त्याचा शेजारी मी.

चारुशीलेला दिवस गेले आणि डोहाळे लागले ते निवट्यांचे. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात बिळं करून राहणारा बोटभर मासा; आमच्याकडे खाडी कुठली! दुसरं काही तिच्या पोटात ठरेना. पोरगी वाळत चालली तसे तिचे वडील देगचीत ओला चिखल आणि जिवंत निवट्या घेऊन रेल्वेनं, मग एसटीनं आले आणि ओसरीवर आडवे होऊन घोरायलाच लागले.

नत्थूजींनी झाकण उचललं. आमच्याकडे पावसाळ्यात भांड्यातून जिवंत मासे येतात ते बीज म्हणून, तलावात सोडायला. सुनेला विचारलं असतं तर कळलं असतं, पण त्यासाठी बोलावं लागलं असतं. त्यांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि देगची तलावात उपडी केली. व्याह्याचा मान राखला म्हणून खुशीत परतले.

रिकामी देगची पाहून चारुशीला उंबऱ्यावरच बसली. मला तिची फार कीव आली.

"काहून टाकले जी तुमी?" तुळसाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "पोरगी उपाशी हाये."

"बीज नोहे का थे?"

"तिच्या खायाचे होते."

नत्थूजी जाळं घेऊन निघाले. मीही गेलो. जाळ्यात काही येईना, कारण निवट्या पाण्यात नव्हत्याच. गोडं पाणी मानवलं नाही म्हणून काठावर चढून चिखलात उड्या मारत चालल्या होत्या.

"देवराव, मासा पयून राहिला गा," नत्थूजी मला म्हणाले.

"दिसून राहिलं जी."

जन्मभर जाळं टाकलेला माणूस दुपारभर माशांमागे जमिनीवर धावला. सापडल्या तेवढ्या निवट्या खांद्यावरच्या दुपट्ट्यात बांधून आणल्या.

संध्याकाळी चारुशीला कालवणाशी भात जेवली. नत्थूजी दाराशी उभे राहून बघत होते.

"पोट भरलं का वं?" त्यांनी विचारलं. तुळसाबाईंच्या हातातला तांब्या हातातच राहिला.

"भरलं, मामाजी. तुम्हीही घ्या ना."

"मी नाही खात. जमिनीवर पयते थो मासा नोहे."

तिनं तरी वाढलं. नत्थूजी खाली मान घालून जेवले. मग ताट बायकोकडे नाही, सुनेकडे सरकवलं.

"चारुशीला, अजून वाढ वं. मासा नोहे, पन वाढ."