एका ओळीची खोली

मी एक जुनी लाल पेन्सिल आहे, मित्रांनो. अंगाने पितळी. आतलं लाल शिसं झिजलं की नवं घालता येतं, म्हणून इतकी वर्षं टिकले. आधी मला फक्त रेघ ओढता यायची. अक्षरं फार उशिरा कळली, आणि तीही खोडता खोडता.

माझे मालक वकील होते. त्यांच्याकडचे कागद इंग्रजीत व्हायचे. मसुदा तयार झाला की ते मला हातात घेऊन त्यातला फापटपसारा कापायचे. तीन शब्द एकाच अर्थाचे दिसले की दोघांना रजा! मग सही करणाऱ्याला समोर बसवून प्रत्येक कलम त्याच्या भाषेत सांगायचे आणि म्हणायचे, "आता तुम्ही मला सांगा, काय लिहिलंय?" तो अडखळला की मी पुन्हा कामाला.

एकदा एक सुतार कुरकुरला, "साहेब, एवढंच? माझ्या साडूचा कागद केवढा जाडजूड आहे!"

"साडूला कळला का तो?"

"छे हो! तो कपाटात आहे."

पुढे साहेबांची नजर अधू झाली आणि त्यांचा मुलगा काम पाहू लागला. हुशार, पण कायम घाईत. मी टेबलावरच्या पेल्यात धूळ खात उभी राहिले.

एक दिवस कपडे शिवणाऱ्या एक मावशी आल्या. राहतं घर त्यांना पुतण्याच्या नावावर करायचं होतं. "फक्त मागची खोली मरेपर्यंत माझी. तिथून मला कुणी उठवायचं नाही. एवढं घाल बाबा."

मुलाने एका दुकानाच्या जुन्या भाडेकरारातली कलमं उचलून चिकटवली. एकेक वाक्य पानभर. त्यात एक नको ते राहून गेलं: मालकाने सांगितल्यावर महिन्याभरात जागा रिकामी करावी.

"यात माझी खोली कुठेय रे?" मावशींनी विचारलं.

"सगळं आलंय, मावशी. इथे सही करा."

कोपऱ्यातून साहेब म्हणाले, "त्यांना समजावून सांगितलंस का?"

"बाबा, इंग्रजी आहे ते. त्यांना काय कळणार?"

मित्रांनो, ते त्यालाही कळलं नव्हतं. त्याने ते धड वाचलंच नव्हतं.

मावशींनी सही केली, कागदाची नोंदणी झाली आणि पुतण्या घराचा मालक झाला. पुढे त्याचं लग्न झालं, घर अपुरं पडू लागलं. त्याच्या वकिलाने नेमकं ते कलम शोधून काढलं. मावशी कागद घेऊन धावत आल्या. साहेबांनी भिंग लावलं, मला उचललं आणि कापत सुटले. पान लालभडक झालं. शेवटी त्यांनी समासात एकच इंग्रजी ओळ लिहिली आणि मावशींना मराठीत सांगितली, "या बाई हयात असेपर्यंत मागच्या खोलीत राहतील. त्यांना तिथून कुणीही काढू शकणार नाही."

"अहो, हेच तर मी सांगितलं होतं," मावशी म्हणाल्या.

नोंदणी झालेल्या कागदावर माझ्या रेघेला काय किंमत! मावशींचं शिलाई मशीन आता भाचीच्या घरी जिन्याखाली असतं म्हणे.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी वकील होईल, कुणी अधिकारी. कुणाच्या डोक्यावरच्या छपराबद्दल लिहाल, तेव्हा माझ्यासारखीला आधीच हातात घ्या. सही होण्याआधी मी बरंच काही वाचवू शकते. सहीनंतर मी नुसती एक लाल रेघ.