मॅचलेसचं मडगार्ड

बाजीरावांना मडगार्ड हवं होतं ते गाडी चालवायला नव्हे, हे भोरात कुणालाच ठाऊक नव्हतं. एसटी स्टँडामागच्या त्यांच्या गॅरेजात मॅचलेस उभी होती, पुढचं चाक उघडं टाकून. वडिलांनी, म्हणजे रखमाजींनी, मिलिटरीच्या लिलावातून आणलेली ही इंग्लिश मोटरसायकल. "काय बाजीराव, प्रदर्शनात मांडणार काय हिला?" असं कुणी विचारलं की ते "व्हय, मांडायची" म्हणत आणि पान्याकडं वळत. विचारणाऱ्याला तेवढं पुरे. लोकांना चौकशीची हौस दांडगी, उत्तर ऐकायला मात्र सवड नसते.

खरं कारण वेगळं होतं. त्याच मापाचं मडगार्ड बसवायचं, चारातला एक बोल्ट ढिला ठेवायचा आणि चाक फिरवून बघायचं. ढिल्या बोल्टानं मडगार्ड चाकात जातं का? जात असेल, तर सोमनाथला, आपल्या एकुलत्या एका पोराला, आपणच मारलं. जात नसेल, तर नाही मारलं. एवढं एकदा कळलं असतं, की मग मरायला ते मोकळे होते.

सहा वर्षांपूर्वी सोमनाथ ही गाडी घेऊन वेल्ह्याला मेंगाईच्या जत्रेला गेला आणि येताना मार्गासनीच्या वळणावर पडला. तिथला टेम्पोवाला चिमाजी हा बाजीरावांचा जुना दोस्त. त्यानंच सोमनाथला टेम्पोत घालून भोरला आणलं, पण आणेपर्यंत सगळं संपलं होतं. दुसऱ्या दिवशी गाडीही त्यानंच आणून दिली. पुढचं मडगार्ड गायब होतं. ते धरणाऱ्या पट्ट्यांची तुटकी टोकं तेवढी गाडीला राहिली होती.

"मडगाड निसटून चाकात गेलं असंल, दादा," चिमाजी खाली मान घालून म्हणाला होता. "लई हुडकलं. नदीत गेलं जनू."

ते मडगार्ड बाजीरावांनी जत्रेच्या आदल्याच दिवशी काढून परत बसवलं होतं. तीन बोल्ट आवळले, चौथा हातानं फिरवून ठेवला, आणि तेवढ्यात भामाबाईंनी जेवायला हाक मारली. जेवून आल्यावर चौथा आवळला की नाही? काही केल्या आठवेना.

मग दहावा आला. नीरेच्या घाटावर पिंड मांडला आणि कावळा शिवेना. झाडावर बसून होता, खाली उतरायचं नाव नाही. आईला सांभाळू म्हणून झालं, बापाची काळजी घेऊ म्हणून झालं, ऊन डोक्यावर आलं. शेवटी बाजीराव पुढं झाले आणि चारचौघांदेखत हात जोडून म्हणाले, "सोमा, बोल्ट म्या आवळला न्हाई. माज्या हातनं मेलास तू." ते बोलायला आणि कावळा पिंडावर झेपावायला एकच गाठ पडली. भोरात कोर्ट आहे, वकील आहेत, पण बाजीरावांचा निकाल त्या कावळ्यानं लावला, आणि त्यावर अपील करायची सोय नव्हती.

भामाबाईंनी तो निकाल मान्य केला. भांडल्या नाहीत, रडून गोंधळ घातला नाही. वेळच्या वेळी ताट वाढत होत्या. मात्र नवऱ्याच्या हातानं दुरुस्त झालेली एकही वस्तू त्यांनी पुन्हा वापरली नाही. भाटघरला माहेरी जायचं तर पायी निघायच्या, नवऱ्याच्या स्कूटरवर बसायच्या नाहीत. कुकरचं हँडल हलायला लागलं की कुकर पिशवीत घालून चौकातल्या दुकानात न्यायच्या. अख्ख्या गावाची वाहनं दुरुस्त करणाऱ्या माणसाची बायको कुकर घेऊन भर बाजारातून जाते, हे बाजीराव गॅरेजातून बघत राहायचे. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटायचं.

चिमाजी मात्र दर वर्षश्राद्धाला न चुकता यायचा, घरचा तांदूळ घेऊन. पोराला शेवटी त्यानं उचललं म्हणून भामाबाई पहिलं पान त्यालाच वाढायच्या. तो मुकाट्यानं जेवायचा आणि निघून जायचा.

मडगार्डासाठी बाजीरावांनी पुण्याचा जुना बाजार पालथा घातला. भोंगवलीच्या एकानं छातीठोकपणे सांगितलं म्हणून तिकडं गेले, तर ते निघालं बुलेटचं, पसरट. जावा गाडीचं आखूड पडलं. यंदा दिवाळीनंतर वेल्ह्याच्या भंगारात एक मिळालं. गोलाई जवळजवळ तीच, पण भोकं अंगठाभर सरकलेली. तरीही त्यांनी ते उचललं. नवी भोकं पाडून बघू म्हणाले.

परतताना ते मार्गासनीला उतरले. चिमाजीच्या घरी इतक्या वर्षांत जाणं झालं नव्हतं. तोच भोरला यायचा आणि "तुमी कशाला तरास घेता" म्हणायचा. घरी त्याची बायको सुलक्षणा एकटीच होती. तिनं ओट्यावर घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि पाहुण्याच्या मांडीवरच्या पत्र्याकडं बघून हसली.

"ह्ये कशापायी वागवताय, दादा?"

"मडगाड हाय. जुन्या गाडीचं. पर माप जुळत न्हाई."

"आगं बया! असलंच हाय की आमच्यात. कोंबड्यास्नी पानी ठेवतो त्यात. टेम्पोत पडल्यालं व्हतं. ह्ये म्हनले, दे टाकून. एवढा जाड पत्रा कुनी टाकतं व्हय? म्या ठिवला परसात." आणि बाजीराव नको म्हणायच्या आत ती गेली, पाणी ओतलं आणि मडगार्ड घेऊन आली. "घ्या, तुमच्या कामाचं असंल तर न्या."

बाजीरावांनी ते हातात घेतलं. माप घ्यायची गरज पडली नाही. त्यांनी पदराखालच्या लेकरासारखं ते उलटं करून मांडीवर घेतलं आणि आतला चिखल धोतरानं पुसला. पट्ट्या तुटल्या होत्या, पण पट्ट्यांचे तुकडे धरून चारही बोल्ट जागच्या जागी होते. आणि प्रत्येक नटावर पिवळी रेघ होती.

ती रेघ त्यांचीच. नट आवळून झाला की ते त्यावर पिवळ्या ऑइलपेंटची रेघ ओढत, अर्धी नटावर, अर्धी पत्र्यावर. नट जरासा हलला तरी रेघ तुटायची. आवळल्याशिवाय ती कधी ओढायची नाही, हा बापानं घालून दिलेला नियम. चौथी रेघसुद्धा सलग होती.

त्यांनी नखानं खरवडून बघितलं. मग मडगार्ड सुलटं केलं. एक बाजू आत चेपली होती आणि चेपल्या जागी निळा रंग घासला गेला होता. चिमाजीचा टेम्पो आता पांढरा होता. तेव्हा तो निळा होता.

टेम्पो अंगणात येऊन थांबला. चिमाजी खाली उतरला, बाजीरावांच्या मांडीवर काय आहे ते त्यानं बघितलं आणि चाकाला टेकून तो खालीच बसला. सुलक्षणा दोघांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

"डुलकी लागली, दादा," तो म्हणाला. "बाजू सोडली म्या. त्याची कायबी चुकी नव्हती."

"जित्ता व्हता?"

चिमाजी चाकावरचा चिखल बोटानं काढत राहिला.

"चिमा, जित्ता व्हता का?"

"नसरापूरपतुर पानी मागत व्हता. दवाखाना दिसत व्हता मला. पर थांबलो तर इचारतील, कुनी मारलं. भ्यालो, दादा. थांबलोच न्हाई. मंग त्यो मागायचाच थांबला."

सुलक्षणानं तोंडात पदर कोंबला. बाजीरावांना आधी काय वाटलं असेल तर सुटका. आपण नाही मारलं, एवढंच त्यांच्या मनात घुमलं. दुसऱ्याच क्षणी त्यांना त्याची शिसारी आली. पोरगं पाण्यावाचून गेल्याचं ऐकत असताना बापाला हलकं वाटावं, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"घाटावर म्या बोललो," ते म्हणाले. "तू शेजारी हुभा व्हतास. ऐकून घेतलंस."

"त्यो कावळा तुमच्यापायी न्हाई शिवला," चिमाजी जमिनीकडं बघत म्हणाला. "तुमी बोलत व्हता, तवा म्याबी मनात बोललो. सोमा, म्या मारलं तुला, तुज्या आईबापाला जल्मात अंतर देनार न्हाई. आन त्यो उतरला. चला, पोलिसात येतो म्या."

बाजीराव उठले. मडगार्ड काखेत घेतलं आणि ते रस्त्याकडं चालू लागले. वेल्ह्याहून आणलेलं दुसरं ओट्यावरच राहिलं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यांनी मडगार्ड मॅचलेसच्या चाकावर धरलं. गाडीवरच्या तुटक्या टोकांना पट्ट्यांचे तुकडे बरोबर जुळले. मग त्यांनी भामाबाईंना हाक मारली, मडगार्ड उलटं करून दाखवलं आणि सगळं सांगितलं. डुलकी, निळा रंग, कावळा. एक गोष्ट सोडून सगळं.

भामाबाईंनी चौथ्या रेघेवरून बोट फिरवलं, दोनदा.

"एवढी वर्सं त्या कावळ्याचं ऐकलं म्या," त्या म्हणाल्या. "आन तुमास्नी येकदाबी इचारलं न्हाई."

बाजीरावांनी मडगार्ड चाकाशी टेकवून ठेवलं.

"आन त्या मुडद्याला पयलं पान वाढलं." त्यांचा आवाज फाटला. मग हळूच: "सोमा शेवटाला काय बोलला का, वो? चिमाजी काय म्हनला?"

"न्हाई," बाजीराव म्हणाले. "जागच्या जागी गेला."

भामाबाईंनी मान हलवली, पदरानं तोंड पुसलं आणि आत गेल्या. परत आल्या त्या कुकर घेऊन. नवऱ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "हँडल हालतंय."

बाजीरावांनी पाना घेतला. नट दोन फेऱ्यांतच घट्ट बसला. तरी ते आवळत राहिले, कारण हात थांबला असता तर तिच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं.