भिंत वाकडी, की डोळे

माझ्या दिराने फेब्रुवारीत माझ्या शेताची भिंत सरकवली आणि त्याबद्दल मी त्याला पाच लिटर तेल भेट दिलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तुम्हाला त्याची दया येईल. मला ते नको आहे.

दिराचं नाव प्रोश्पेर. माझा नवरा बार्तुल जाऊन सहा वर्षं झाली. बेटाच्या पश्चिम उतारावर बार्तुलची ऑलिव्हची तेरा झाडं आहेत, ती आता माझी. लागूनच दक्षिणेला प्रोश्पेरचं शेत. मध्ये दगडांची भिंत, नुसती दगडावर दगड बसवलेली, चुना नाही की माती नाही. तिच्या दोन्ही टोकांना खडकात एकेक क्रूस कोरलेला आहे. सरहद्द म्हणजे त्या दोन क्रुसांमधली सरळ रेघ, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

गेल्या हिवाळ्यात माझी नजर बिघडली. अठरा वर्षं साखर आहे मला. आधी स्वयंपाकघराच्या दाराची चौकट कमरेत वाकली. मग एका रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांना नाक नव्हतं. कान होते, चष्मा होता, मधोमध नुसता करडा डाग. मी हसले, आणि घरी येऊन रडले. माझ्या सासूबाई शेवटची चार वर्षं भिंती चाचपडत वावरल्या होत्या. तेव्हा सगळ्यांनी म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं.

बोट पकडून मी पलीकडच्या किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहरात गेले. मोराना नावाची तरुण डॉक्टरीण होती. ती म्हणाली, "साखरेने डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक नसा झिरपायला लागल्यात. पडद्याला सूज आलीय, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल." पहिल्या खेपेला मी आठवडाभर तिथेच मावसबहिणीकडे राहिले. नेमका त्याच आठवड्यात पाऊस आणि उत्तरेचा वारा एकदम आला आणि आमची भिंत मधोमध ढासळली. प्रोश्पेरचा फोन आला. "वहिनी, तू डोळ्यांचं बघ. भिंतीचं मी बघतो."

आणि त्याने बघितलंच.

डोळ्यात सुई म्हटलं की लोक कपाळाला हात लावतात. खरं सांगायचं तर सुई दुखत नाही. थेंब घालून डोळा बधिर करतात, तपकिरी औषधाने धुतात, पापण्या मिटू नयेत म्हणून तारेचा चिमटा लावतात. "शोरा दिंका, वर डावीकडे बघा," म्हणतात. शोरा म्हणजे बाई, आणि दिंका मी. मग नुसता एक दाब, आणि डोळ्यात काळे बुडबुडे लोळायला लागतात. दुखतं ते आदल्या दिवशीचं वाट बघणं.

मोरानाने मला एक कागद दिला. गणिताच्या वहीसारख्या चौकटी आणि मधोमध काळा ठिपका. रोज सकाळी एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. रेघा जास्त वाकल्या किंवा डोळ्यापुढे काळे धागे तरंगायला लागले तर फोन करायचा. "त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी नाही," असं तिने दोनदा बजावलं. कागद मी फ्रिजवर लावला. पहिल्या सकाळी त्या चौकटी ओढून ताणलेल्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसत होत्या.

परत आल्यावर प्रोश्पेर मला हाताला धरून शेतावर घेऊन गेला. भिंत उभी होती. मधोमध ती माझ्या अंगावर आल्यासारखी वाटली.

"पोट आलंय रे हिला," मी म्हटलं.

तो हसला. "भिंत सरळ आहे, वहिनी. तुझे डोळे वाकडे आहेत."

मला स्वतःचीच लाज वाटली. माणूस चार दिवस दगड वाहतो आणि मी खोड काढते. झाडं मोजायचा तर प्रश्नच नव्हता. ज्या झाडाकडे बघावं ते त्या करड्या डागात जायचं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दारात तेलाचा डबा नेऊन ठेवला. त्याने तो घेतला. वर म्हणाला, "कशाला हे, घरचाच माणूस मी."

एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण बंदरावरच्या कॉफीच्या टेबलाशी बसून खिशातली सुकी अंजिरं चघळत तो सगळ्यांना सांगायचा, "वहिनीचं ऐकलंत का? घरचं दार वाकडं, चर्चचा मनोरा वाकडा, आता माझी भिंत वाकडी. नाचता येईना अंगण वाकडं!" लोक हसायचे. मी काठी टेकत जवळून गेले की हळहळायचे. दोन्हींत मला हळहळणंच जास्त झोंबायचं.

महिन्याला एक, अशी पाच इंजेक्शनं झाली. अंजीर सोडलं, गोड वाइन सोडली. जाळं हळूहळू सैल झालं. सप्टेंबरात एके सकाळी कागदाकडे बघितलं तर प्रत्येक चौकट चौकट होती. डावा डोळा झाकला, उजवा झाकला. दाराकडे गेले. दार सरळ. खिडकीतून मनोरा बघितला. मनोरा सरळ. पाद्रीबाबांचं नाक बघायला धावतच जाणार होते, पण आधी शेत आठवलं.

काठी न घेता मी उतार चढले. हातात तो कागद होता. आधी कागद बघितला, मग भिंत बघितली. कागद सरळ होता. भिंतीला सहा महिन्यांचं पोट होतं.

मी झाडं मोजली. नऊ भरली. पुन्हा मोजली. उरलेली चार भिंतीच्या पलीकडे उभी होती, फळांनी वाकलेली. माझं निम्मं तेल त्या चार झाडांचं.

मी दगडावर बसले. झाडांचं दुःख नंतर झालं. आधी आठवला तो तेलाचा डबा. माझ्या आजाराच्या आडोशाला बसून त्याने चोरी केली होती. चोरी दिसली तर चोर नाही, मीच खोटी पडेन अशी सोय त्याने करून ठेवली होती. आणि मी त्याचे आभार मानले होते. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे तर आंधळीने कुत्र्याला वर तूपही वाढलं होतं.

आमचे म्हातारे सांगतात, सरहद्दीचा दगड हलवणाऱ्याचा आत्मा मेल्यावर तो दगड खांद्यावर घेऊन फिरतो आणि विचारतो, कुठे ठेवू, कुठे ठेवू. प्रोश्पेर मरेपर्यंत थांबायचा धीर मला नव्हता.

मी खाली आले, काठी उचलली आणि आंधळी झाले. तीन आठवडे मी बंदरावर ठेचकाळत फिरले. पावाच्या दुकानात चुकीची नाणी दिली. प्रोश्पेरच्या विनोदांना मान डोलावली. असं सुख मला बार्तुल गेल्यापासून मिळालं नव्हतं.

ऑक्टोबरात, फळं उतरवायच्या आदल्या रविवारी, प्रार्थना सुटल्यावर सगळे चर्चच्या पायऱ्यांवर असताना मी मोठ्याने हाक मारली, "बार्बा कुझ्मा आहेत का?" बार्बा म्हणजे आमच्याकडे कुठल्याही वडीलधाऱ्याला म्हणतात. कुझ्मा ऐंशीचे आहेत. बेटावरच्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या. त्यांच्या खिशात रुमाल नसेल एक वेळ, पण तागाची दोरी असतेच.

"इथेच आहे, पोरी."

"बार्बा, माझे डोळे काही राहत नाहीत आता. मला ती भिंत वाकडी दिसते, प्रोश्पेर म्हणतो सरळ आहे. त्याचंच खरं असणार. पण रात्रंदिवस मनात तेच घोळतं. या क्रुसापासून त्या क्रुसापर्यंत दोरी लावून द्या ना. मी तिच्यावरून हात फिरवीन. डोळ्यांना नाही, निदान हाताला तरी कळेल."

प्रोश्पेर पुढे आला. "वहिनी, आज रविवार. म्हाताऱ्या माणसाला कुठे डोंगरावर नेतेस?"

"म्हातारा तुझा बाप," बार्बा कुझ्मा म्हणाले. "चल."

"अरे, तिच्या मनाचं समाधान होतंय तर होऊ दे की," कोणीतरी म्हणालं. आणि सात महिने माझ्यासाठी हळहळून थकलेले सगळेच पुण्य मिळवायला निघाले. मी प्रोश्पेरच्याच कोपराला धरून चढले. त्याचा शर्ट भिजला होता. वाटेत तो दोनदा बाटलीभर पाणी प्यायला आणि एकदा झुडपामागे जाऊन आला.

बार्बांनी एका पोराला वरच्या क्रुसावर दोरीचं टोक धरायला सांगितलं आणि दुसरं टोक घेऊन खाली गेले. दोरी ताणली गेली. ती भिंतीच्या माथ्यावरून जायला हवी होती. ती गेली भिंतीपासून चार पावलं पलीकडून, प्रोश्पेरच्या बाजूने. दोरी आणि भिंत यांच्या मध्ये चार झाडं उभी होती.

बार्बांनी दोरी सोडून पुन्हा ताणली, कारण त्यांनी आयुष्यात कधी एकदाच मोजलं नव्हतं.

मी काठी टाकली, भिंतीशी गेले आणि बोट दाखवत मोजलं. "दहा. अकरा. बारा. तेरा." मग प्रोश्पेरकडे वळले. "तुझ्या कॉलरला टाक्याचा धागा लोंबतोय, काप तो."

त्याचा चेहरा मला अगदी स्वच्छ दिसला. पाच इंजेक्शनांचं सार्थक झालं.

"वाऱ्याने दगड इकडे पडले होते," तो म्हणाला, "मी आपले जिथे पडले तिथे रचले."

"वारा उत्तरेचा होता," बार्बा कुझ्मा म्हणाले. "तो दगड तुझ्याकडे फेकेल, तिच्याकडे नाही. ज्याने सरकवली त्याने उचलायची. मी दोरी धरीन. हात तुझे."

सहा दिवस तो दगड वाहत होता. सहाही दिवस मी उलट्या बादलीवर छत्री घेऊन बसले. गाव कामं काढून वरून जायचं आणि त्याला विचारायचं, "काय प्रोश्पेर, कुठे ठेवणार दगड?" मी हसत नव्हते. नुसती बघत होते. बघणं ही केवढी चैन आहे, ते मला विचारा.

पाचव्या दिवशी तो बार्बांवर खेकसला. "दोरी नीट ताणा की. मधे झोळ पडलाय."

"दोरी ताठ आहे."

"अहो, वाकलीय, मला दिसतंय ना." त्याने मान तिरकी केली आणि डोळ्याच्या कडेने दोरीकडे बघितलं. मग हाताने तोंडापुढची हवा झटकली. "आणि ही दगडाची धूळ. काळे धागे नुसते डोळ्यापुढे."

मी बादलीवरून उठले. अशी तिरकी मान मी सात महिने केली होती. ते धागे, ती तहान, ते झुडपामागे जाणं. सासूबाई.

तो माझ्याकडे वळला. "वहिनी, तू सांग. सरळ आहे का ही?"

"भिंत सरळ आहे, प्रोश्पेर," मी म्हटलं. "तुझे डोळे वाकडे आहेत."

सगळे हसले. इतके हसले की बार्बांना बसावं लागलं. प्रोश्पेर चिडून दगड उचलायला गेला आणि हात दगडाच्या शेजारी पडला. मी घरी आले.

त्याच दिवशी, मोराना म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी नाही.

मी त्या दिवशी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी भिंत पुरी झाली, मी तेव्हाही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझी तेरा झाडं उतरवली. चौथ्या दिवशी तेल काढलं. चार झाडांचे चार दिवस, एका झाडाला एक. ते मी त्याच्या डोळ्यांतून वसूल केले. पापच ते, मला ठाऊक आहे. पाद्रीबाबांना सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.

पाचव्या सकाळी फ्रिजवरचा कागद काढून त्याच्या दारात गेले. तो पायरीवर अंजीर खात बसला होता.

"एक डोळा झाक. या ठिपक्याकडे बघ. काय दिसतं?"

"आता काय नवीन?" पण त्याने बघितलं. "वाकडा छापलाय."

"कागद सरळ आहे. दुसरा झाक."

त्याने दुसरा झाकला. मग पुन्हा पहिला. अंजीर हातातच राहिलं. म्हणाला, "आईला असंच दिसत होतं का गं?"

"असंच. मंगळवारी साडेसहाची बोट आहे. डॉक्टरणीला फोन केलाय. रक्ताची चाचणी करतील, मग डोळ्यात सुई घालतील. उघड्या डोळ्यात."

त्याचा रंग उतरला. "दुखते?"

"फार," मी म्हटलं.

तो कागदाकडे बघत राहिला. "एवढं मी केलं, तरी तू माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी नाही. ती भिंत अजून शंभर वर्षं हलणार नाही म्हणतात बार्बा कुझ्मा. शेतात गेलास की रोज ती तुझ्या समोर उभी राहणार, सरळ. तू जगशील तितके दिवस ती तू बघायला हवीस. आंधळ्याला मी ती कशी दाखवू?"

मंगळवारी तो बंदरावर आला. बोटीत माझ्या शेजारी बसला. खिडकीची जागा मी दिली नाही.