शुद्धीत केलेला फोन

वकिलाने कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि उभ्या चांदणीच्या हातात पेन दिलं. टोपणही स्वतःच काढलं, तेवढीच मदत.

"सासरे वर्षभरापासून भ्रमिष्टासारखे वागताहेत, एवढंच लिहिलंय. सुनेची सही झाली की डॉक्टरचा दाखला मी बघतो."

पोलीस ठाण्यातल्या बाकावर सासरे, नाथा, ताठ बसले होते. त्यांचा वेडेपणा म्हणावा तर एवढाच, की त्यांनी विमानाला मचवा समजलं होतं. मिठागराच्या दिवसांत खाडीत मचवा, म्हणजे मिठाची होडी, सुटला, की मागे राहिलेल्या गड्यासाठी काठावरून कुणीतरी खोटीच बोंब ठोकायचं, 'फळी उखडली हाय!' मचवा मागे फिरायचा, राहिलेला गडी उडी मारून चढायचा, चार शिव्या खायचा आणि विषय संपायचा. परवा त्यांनी तसाच विमानतळावर फोन केला, 'बँकॉकच्या इमानात गडबड हाय, उडवाल तर पस्तावाल.'

विमान थांबलं. माणसं उतरवली, कुत्री फिरवली, काही सापडलं नाही. उतरवलेल्यांत त्यांचा मुलगा भावेशही होता. बिल्डर त्याला आपल्या खर्चाने फिरायला नेत होता. फोन खाडीकाठच्या आपल्याच घरातून गेला, हे त्याला पोलिसांकडून कळलं.

बिल्डरला हवी होती म्हाताऱ्याची उरलेली जमीन, आणि म्हातारा सही देत नव्हता. जन्मभर मीठ पिकवलेल्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं, की बिल्डरचं मीठ खाऊन आलेला मुलगा पुढे कुणाला जागणार.

टेबलामागे बसलेल्या पोलीस साहेबांनी काल समजावून सांगितलं होतं. विमानाच्या सुरक्षेबद्दल खोटी माहिती देणं म्हणजे गंभीर गुन्हा, बरीच वर्षं आत काढावी लागतील. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चुकलो. फोन मी केला, एकट्यानं."

एकट्याने कसला! त्यांना आकडेसुद्धा ओळखता येत नव्हते. डिरेक्टरीतून नंबर शोधला चांदणीने, लावून दिला चांदणीने, आणि ते काय बोलणार हेही तिला माहीत होतं. ते भावेशला ठाऊक नव्हतं, पोलिसांनाही नव्हतं. तिची मुलगी दुसरीत शिकत होती. आपण आत गेलो तर तिला कोण बघणार, एवढंच चांदणीच्या डोक्यात होतं.

"कर ना सही," शेजारी उभा भावेश म्हणाला. "बाबा सुटतील."

"आन् जमीन?"

"बाबांचं डोकं फिरलंय म्हटल्यावर मंग सही माझीच चालंल."

वकील मोठ्याने खोकला. हा बिल्डरनेच दिलेला वकील, कुठे काय बोलू नये हे त्याला कळत होतं.

"पोरी," सासरे बाकावरूनच म्हणाले, "येडा लिवू नको. खोटं बोललो, त्याची सजा घेईन. पन येडा न्हाय मी."

चांदणीला संताप आला. नवऱ्याचा आला, वकिलाचा आला, आणि या म्हाताऱ्याच्या पाठीमागे दोन दिवस लपून राहिल्याबद्दल स्वतःचा सगळ्यात जास्त आला. तिने पेनाला टोपण लावलं, कागदासकट ते वकिलाकडे परत सरकवलं आणि ती पोलीस साहेबांकडे वळली.

"साहेब, बाबांना नंबर लावता येत न्हाय."

"चांदणी, गप ऱ्हा!" सासरे ओरडले. तिच्यावर आवाज चढवायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"नंबर मी लावला. काय बोलनार, तेबी म्हायत होतं मला. त्यांचं डोकं ठिकानावर हाय, माझं पन हाय."

भावेशने वकिलाकडे पाहिलं.

"बाई, याचा अर्थ कळतोय का तुम्हाला?" वकील खालच्या आवाजात म्हणाला.

"कळतोय म्हनून तर सांगतेय."

साहेबांनी कोरा कागद ओढला.

"बसून घ्या. पूर्ण नाव सांगा."

वकिलाशेजारची खुर्ची रिकामी होती. चांदणी तिकडे गेली नाही. सासऱ्याच्या शेजारी सुनेने बसायची त्यांच्या घरात रीत नव्हती. ती सरळ बाकाकडे गेली. सासऱ्यांनी टोपी नीट केली, थोडं सरकून घेतलं आणि सुनेला जागा करून दिली.