गाँगच्या मागून येणारा सूर

गाँग वाजवणाऱ्याच्या नशिबी दुसऱ्यांच्या पाठी असतात. गामेलान वाद्यमेळाच्या मांडणीत तो सगळ्यात मागे बसतो, टांगलेल्या काशाच्या गाँगच्या शेजारी, आणि पुढच्या सगळ्यांचे सदरे बघत राहतो. मृदंग वाजवणाऱ्या पाक गियात्नोंच्या सदऱ्यावर घामाचा पहिला डाग कुठे उमटतो, ते मी झोपेतसुद्धा सांगेन. न्यी सार्तिनाह गायला आल्या की सगळ्यात पुढे बसायच्या, लोकांकडे तोंड करून. म्हणजे ज्यांच्या आवाजावरून मी जीव ओवाळून टाकला, त्यांचा माझ्या ओळखीचा काय तर अंबाडा, आणि त्यात खोचलेली मोगऱ्याची फुलं.

"बाजारात त्या समोरून आल्या तर हे धक्का मारून पुढे जातील," माझी बायको यात्मी शेजारणींना सांगायची, "आणि मागून दिसल्या की पाया पडतील!"

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा लग्नसुद्धा झालं नव्हतं. बापाच्या अंगणात आम्ही कौलं थापत होतो. खांबाच्या खिळ्याला रेडिओ टांगलेला होता आणि सोलो शहरातून गामेलान चाललं होतं. गाँगचा ठोका पडला, सगळी वाद्यं गप्प झाली. संपलं म्हणून मी हात चिखलात घातले. आणि तेवढ्यात, सगळे घरात गेल्यावर कुणीतरी शेवटी येऊन दार ओढून घ्यावं, तसा त्यांचा सूर आला. एकटाच. हातातलं ओलं कौल दुमडलं तरी मला पत्ता नाही.

"कान भाड्याने दिलेस का रे?" बाप खेकसला.

भाड्याने कसले, कायमचे दिले होते.

आमच्याकडे गाणारी बाई ठेक्याच्या पाठीमागे रेंगाळत येते. वाद्यं पुढे निघून जातात, गाँग पडतो, आणि मग तिची ओळ पूर्ण होते. सगळ्याच गायिका अशा गातात. पण न्यी सार्तिनाह ज्या जागी पोचायच्या त्या जागी दुसरं कुणी पोचत नसे. आता येणारच नाहीत असं वाटायचं, आणि तेव्हाच त्या यायच्या. त्या एका सुरासाठी मी गावच्या मंडळात शिरलो. बाकीची वाद्यं मला जमेनात. "याला काही येत नाही, पण हा झोपत नाही," असं म्हणून पाक गियात्नोंनी माझ्या हातात गाँगचा मऊ डोक्याचा दांडा दिला. माझी तक्रार नव्हती. त्या सुराच्या आधीचा आवाज माझा, याहून मोठं काय हवं होतं मला?

त्या काही आमच्यासारख्या मंडळांबरोबर रोज गाणाऱ्या नव्हत्या. कधी एखाद्या लग्नात, कधी सुगीनंतर. मग छातीचं दुखणं आलं आणि त्यांनी गाणं सोडलं असं कानावर आलं. रेडिओवर जुनी ध्वनिमुद्रणं लागायची, पण यंत्रातला गाँग माझा नव्हता. दुसऱ्याच्या गाँगमागून येणाऱ्या त्या मला परक्या वाटायच्या. हा वेडेपणा आहे हे कळत होतं, पण वाटायचं.

यंदा गावशुद्धीच्या सणाआधी पाक गियात्नो कौलांच्या भट्टीवर आले.

"वर्सितो, न्यी सार्तिनाह येणारेत."

"उगाच थट्टा नका करू."

"अरे, खरंच. एकच गाणं गाणार."

"पण त्या गात नाहीत ना आता?"

"त्यांची मुलगी म्हणते, गात नाहीत. त्या म्हणतात, गाते. मी कुणाचं ऐकू?"

सणाच्या दिवशी सकाळीच मी गाँगला फुलं वाहिली, धूप दाखवला. आमच्या गाँगला आम्ही आजोबा म्हणतो. बसल्यावर दांड्याने त्याला हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही इतकं थोपटलं. मोठ्या गाँगला आधी असं जागं करावं लागतं, नाहीतर पहिला आवाज दगडासारखा येतो. त्या दिवशी मी त्याला जरा जास्तच वेळा जागं केलं असेन.

दुपारपर्यंत रिनी नावाची तरुण गायिका गात होती. गोड गळ्याची आहे. लोक भुईमुगाच्या शेंगा सोलत होते, गप्पा मारत होते, मुलं रडत होती. आमच्याकडे गाणं असंच ऐकतात. मग न्यी सार्तिनाह आल्या. मुलीने दंडाला धरून त्यांना चटईवर बसवलं. अंबाडा मी लगेच ओळखला. पांढरा झाला होता, लिंबाएवढा राहिला होता, पण मोगरा होता.

रबाब सुरू झाला, मृदंगाने बोलावलं, आणि त्या गायला लागल्या. आवाज बारीक झाला होता. पहिल्या गाँगनंतर त्या आल्या, पण धापा टाकत. दुसऱ्या वेळी ओळ मध्येच तुटली. प्रत्येक श्वासाला त्यांचे खांदे वर चढताना मला मागून दिसत होते. बाहेरच्या लोकांना काही कळलं नसेल. मला कळत होतं.

शेवटचं आवर्तन आलं. लय मंदावत गेली. शेवटचा गाँग पडल्याशिवाय कुणी शेवटचा सूर वाजवत नाही. सगळे हातातले दांडे हवेत धरून गाँगची वाट बघतात. त्या वेळी अख्खं मंडळ माझ्या मुठीत असतं. पाक गियात्नोंचा हात थांबला. माझी वेळ झाली. पण त्यांची ओळ अर्धीसुद्धा झाली नव्हती. मी आता वाजवला तर त्या उघड्यावर एकट्या पडणार, सगळ्यांसमोर दम संपणार. माझा हात उठेना. मी थांबलो. पाक गियात्नोंची मान ताठ झाली, कुणीतरी मागे वळून डोळे वटारले, तरी मी थांबलो. त्यांची ओळ शेवटच्या सुराला टेकली तेव्हा मी टोला मारला.

आजोबा घुमले, आणि त्यात त्यांचा आवाज बुडून गेला. ऐकूच आला नाही.

लोक शेंगा सोलत होते. कुणाच्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, निभावलं.

न्यी सार्तिनाह चटईवर हातांनी जोर देत मागे वळल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा एवढ्या जवळून पाहिला नव्हता. लहानसा होता, सुरकुत्यांत पावडर साचलेला.

"गाँगवर कोण आहे?"

"मी, इबू. वर्सितो." वडीलधाऱ्या बाईला आम्ही इबू, म्हणजे आई, म्हणतो.

"तू माझ्यासाठी थांबलास?"

मी वेड्यासारखा हसलो. "आजोबा जरा उशिरा जागे झाले, इबू."

दोघंतिघं खुसखुसली. त्या हसल्या नाहीत.

"गाँग कुणासाठी थांबत नसतो. तो बोलून गप्प झाला की मग लोक मला ऐकायचे. माझी म्हणून तेवढीच जागा होती, बाबा. ती आज तू घेतलीस."

"इबू, तुमचा दम..."

"दम माझा आहे. संपला तर माझा संपेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाक गियात्नो सारवासारव करायला पुढे झुकले. "चहा घ्या इबू, दमला असाल."

"दमले असते तर एवढी भांडले असते का? शेवटचं आवर्तन परत घ्या."

"आई, पुरे आता," मुलगी म्हणाली. "गाडी थांबलीय बाहेर."

"थांबू दे. गाडीने थांबायचंच असतं."

त्या पुन्हा लोकांकडे वळल्या. मंडळाने वाद्यं सावरली. रबाब वाजू लागला. माझा तळहात घामाने ओला झाला होता. तो मी लुंगीला पुसला. आयुष्यभर ज्या सुराची वाट पाहिली, तो आता माझ्यानंतर येणार होता किंवा येणार नव्हता, आणि आला नाही तर ते सगळ्यात आधी मलाच कळणार होतं. थांबण्यापेक्षा हे कितीतरी अवघड होतं.

लय मंदावली. मृदंगाचा हात थांबला. त्यांची ओळ अजून अर्धीच होती.

मी वाजवला.

गाँग घुमला, त्याच्या मागोमाग सगळ्यांनी शेवटचा सूर टेकवला, आणि सगळं शांत झालं. पुढे त्यांचे खांदे वर चढले आणि तिथेच राहिले. गाँगचा घुमारा बारीक होत होत विरला. काही येईना. शेंगा सोलणारे हात थांबले. लोकांना पहिल्यांदाच काहीतरी कळलं. पाक गियात्नोंनी मान खाली घातली. मुलगी उठून उभी राहिली.

मग तो आला. अर्धा आवाज, अर्धा नुसताच श्वास, वळणावर चिरलेला. पण त्याच्या आधी काही नव्हतं आणि नंतर काही नव्हतं. सगळ्या मांडवात तेवढाच होता.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. वाद्यं ओलांडून जायचं नसतं, म्हणून आम्ही ती बाजूला करून वाट दिली, आणि मुलीच्या दंडाला धरून त्या हळूहळू निघून गेल्या. मला हाक मारावीशी वाटली. हाक मारून काय सांगणार होतो?

पुढचं गाणं रिनीचं होतं. ती छान गायली. मी गाँग वेळेवर वाजवत होतो, एकदाही चुकलो नाही. प्रत्येक वेळी गाँगच्या मागून तिचा सूर यायचा, सुरेख यायचा, आणि तो येऊन गेल्यावरही मी कान देऊन बसून राहायचो, अजून कुणीतरी यायचं राहिल्यासारखा.